सतरा नंबरची कड

"काका, हे बघा, सतरा नंबर परत तरुण झालाय!"

नीरजाने फोटो भागोजीच्या नाकासमोर धरला. भागोजीचे दोन्ही हात कोपरापर्यंत साबणाच्या फेसात होते. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या प्लेटा धुता धुता त्याने मान पुढे काढली आणि डोळे बारीक करून पाहिले.

"मला त्यातलं काय कळतंय, बाय? काळ्यावर पांढरं दिसतंय, तेवढं."

"कळतंय हो. ही पहिली ओळ बारा नंबरची. बारा मेला, आठवतं ना? मरायच्या आधी काढलेला नमुना आहे हा. इथं केवढा जाड पट्टा आलाय बघा. ही म्हातारपणाची खूण. आता हा सतरा, तेवीस डिसेंबरचा. यातही पट्टा आहे. आहे ना?"

"हाय."

"आणि हा सतराच, तीस डिसेंबरचा. कुठाय पट्टा?"

"नाय दिसत."

"नाहीच आहे! म्हातारा झाला आणि आठवड्यात परत तरुण झाला. काका, असं कुणी पाहिलेलं नाही आजवर."

भागोजी हसला. पोर खूश होती, म्हणून तो खूश होता. गेली दोन वर्षं प्रयोगशाळेचा मदतनीस म्हणून तो या पोरीबरोबर शेणाच्या मागे हिंडला होता. गुरांच्या शेणावर एक बुरशी उगवते, बारीक काळ्या ठिपक्यांची. तिच्या म्हातारपणावर नीरजा पीएचडी करत होती. गावोगावच्या कुरणांतून दोघांनी वाळलेलं शेण कागदी पिशव्यांत भरून आणलं होतं. वेळणेश्वरला देवळामागच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, शेण उचलताना एक म्हातारी कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "शेणी गोळा करायला शिकायला लागतंय काय रे आता? आमी फुकट शिकलो ता!" त्या सड्यावरच्या शेणातली बुरशी म्हणजे सतरा नंबर.

बाकीचे नंबर ठरल्यासारखे मेले होते. कुणी वीस दिवसांनी, कुणी पंचवीस. आधी प्लेटवर पसरलेल्या बुरशीची कड विरळ व्हायची, मग पिवळी पडायची, आणि एक दिवस वाढ थांबायची. नीरजाने त्याला एकदा समजावून सांगितलं होतं. पेशीच्या आत बारीक भट्ट्या असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणायचं. त्या भट्ट्यांची स्वतःची एक छोटी पोथी असते, डीएनएची. बुरशी वाढत जाते तसं त्या पोथीतलं एक पान सुटतं आणि त्या एकाच पानाच्या प्रती निघत राहतात. शेवटी जिकडे तिकडे तेच पान. पोथी वाचताच येत नाही आणि भट्टी विझते. फोटोतला जाड पट्टा म्हणजे त्या सुटलेल्या पानाचा ढीग.

भागोजी चोविसाव्या वर्षी अक्षरं शिकला होता. एकच पान पुन्हा पुन्हा गिरवण्यातला वैताग त्याला चांगला ठाऊक होता, त्यामुळे हे त्याला लगेच पटलं होतं.

आणि सतरा मात्र एकशे एकोणतीस दिवस जगला होता.

दार ढकलून विभागप्रमुख दमयंती मॅडम आत आल्या. त्यांनी फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला.

"नीरजा, पुढच्या गुरुवारी मुंबईच्या परिषदेत हे दाखवशील तेव्हा पहिला प्रश्न कापायच्या पद्धतीवर येणार. नव्या प्लेटवर लावायचा तुकडा कुठला घेता?"

"कडेचाच, मॅडम. दर चार दिवसांनी. सतरा तर पूर्ण भागोजीकाकांच्या हातचा आहे. मी पुण्याला होते तेव्हापासून तेच बघतायत. त्यांच्या हातून इकडचं तिकडं व्हायचं नाही."

"ते मला माहीत आहे." मॅडम भागोजीकडे वळल्या. "भागोजी, मार्चअखेर तुम्ही निवृत्त होणार. पेपरात तुमचं नाव घालायचं म्हणते ही. मी हो म्हटलंय. उगाच आभारात एका ओळीत नव्हे, लेखकांत."

भागोजीने ओले हात पंच्याला पुसले. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "पण मॅडम, कडेचाच का घ्यायचा तुकडा? कड म्हंजे शेंडा. सगळ्यात कोवळा."

नीरजा हसली. "झाडाचा शेंडा कोवळा, काका. हिचं उलट आहे. हिची कड सगळ्यात जास्त चाललेली असते ना, म्हणून म्हातारपण तिथं आधी येतं. मागे राहिलेला भाग त्या मानानं तरुण. आपण कडेचा तुकडा घेतो तेव्हा तिचं वय पुढं नेतो. मागचा घेतला तर मोजणीच कोलमडेल."

"हां," भागोजी म्हणाला.

मॅडम गेल्या. नीरजा फोटो घेऊन टेबलाकडे गेली. भागोजीने पुन्हा पाण्यात हात घातले. धुतलेली प्लेट त्याने पुन्हा धुतली, मग तीच आणखी एकदा.

भागोजीचा बाप पावस गावच्या बागांतून कलमं बांधायचा. आंब्याची कोय रुजून वीतभर रोप आलं की त्याच्यावर चांगल्या झाडाची काडी बांधायची. भागोजी आठ वर्षांचा असल्यापासून बापाच्या मागे सुतळी घेऊन उभा राहिला होता. बापाने त्याला तीनच गोष्टी शिकवल्या. सुरी धारेची हवी. काप एका घावात हवा. आणि काडी निरोगी फांदीची हवी. "रोगट शेंड्याची काडी बांधलीस तर पुढच्या माणसाची दहा वर्षं फुकट घालवलीस," बाप म्हणायचा. शेंडा पिवळा दिसला की बाप खालच्या फांदीवर उतरायचा, त्याच झाडाच्या. झाड तेच, काडी चांगली.

दिवाळीच्या आधी नीरजा तीन आठवडे पुण्याला शिकायला गेली होती. तेव्हा एका सकाळी सतराची कड पिवळी दिसली. विरळ, केस गळाल्यासारखी. भागोजीने सुरी ज्योतीवर धरली, निववली आणि कडेपाशी नेली. हात पुढे जाईना. त्याने फ्रिज उघडला. जुन्या प्लेटा महिनाभर ठेवायचा नियम होता. तीन प्लेटा मागे गेल्यावर सतराच सापडला, पांढराशुभ्र, कापसासारखा भरलेला. त्याने त्याचा तुकडा घेतला. तोच सतरा, त्याचीच खालची फांदी.

यात सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. रोगट काडी टाकून चांगली घेतली, हे मालकाला सांगत कोण बसतं? नीरजा परत आली तेव्हा सतरा टवटवीत होता. ती टाळ्या वाजवत म्हणाली, "काका, याला तुमचा हात मानवलाय. आता तुम्हीच सांभाळा." मग त्याने सांभाळला. कड चांगली असली की कडेचा तुकडा घेतला. पिवळी पडली की मागे गेला.

संध्याकाळी एसटीतून उतरून तो घरी आला तेव्हा गोदा, त्याची बायको, पडवीत कुळीथ पाखडत होती. फोन कानाला लावून ती मोठमोठ्याने बोलत होती.

"आले बघ, आले. तूच बोल." तिने फोन पुढे केला. "रितेश हाय. तुमच्या नीरजानं दुपारी फोन करून सांगितलंन त्याला. गावच्या ग्रुपवर घातलंन म्हणे तुमचा."

मुंबईहून मुलगा सांगत होता, "बाबा, एकशेचाळीस जणांनी अंगठे दिले. वाडीतल्या पहिल्या माणसाचं नाव विज्ञानाच्या पेपरात, असं लिहिलं मी. सरपंचांनी पण हात जोडलेत. छापून आलं की त्याची फ्रेम करू."

"अजून छापला नाय रे."

"येईल ओ. जेवलात काय?"

भागोजीने फोन ठेवला आणि पायऱ्यांवर बसला. समोरच्या कलमाला यंदा मोहोर दाट आला होता. गोदाने सुपातला भुसा फुंकला आणि त्याच्याकडे तिरकं पाहिलं.

"तोंड असा कशाला केलंत? एसटीत जागा मिळाली नाय?"

"मिळाली."

"मग?"

त्याने तिला सांगितलं. पोथी, पट्टा असलं काही सांगितलं नाही. कडेचा तुकडा घ्यायचा होता, मी मागचा घेतला, आणि त्या पोरीला वाटतंय ती बुरशी मरून जिवंत झाली, एवढंच.

गोदाने सूप खाली ठेवलं. "मग तुमी चांगलाच केलात ना? मरत होता तो जगवलात."

"अगो, ती मरायला किती दिवस घेते तेच मोजायचा होता."

गोदाला हसू आलं. तिने पदर तोंडाला लावला, पण हसू थांबेना. "लोक नवस बोलतात जगण्यासाठी. तुमच्याकडं मरण मोजायला पगार देतात, आणि तुमी मधीच जीव वाचवून बसलात!"

भागोजीही हसला असता. पण त्याच्या डोळ्यांसमोर मुंबईचं सभागृह आलं. नीरजा फोटो दाखवते आहे, आणि तिच्याहून हुशार कुणीतरी मागच्या रांगेतून उठतो आहे.

"ती गुरुवारी सगळ्यांसमोर सांगणार हाय. म्हातारा परत तरुण होतो म्हणून."

गोदाचं हसू थांबलं. ती बराच वेळ कुळथातले खडे वेचत राहिली.

"नाय सांगितलंत तर कुणाला कळंल?" तिने विचारलं.

"कदी ना कदी कळंल. माझ्या मागारी."

"तुमी तोवर घरी असाल, खुर्चीवर, फ्रेमखाली." तिने एक खडा अंगणात भिरकावला. "आणि शिव्या ती पोर खाईल."

रात्री जेवताना गोदाने त्याला न विचारता भाकरी वाढली, आणि सकाळी पहिल्या एसटीला निघताना डबा हातात देऊन म्हणाली, "रितेशला मी सांगीन. तुमी तिकडचा बघा."

नीरजा खोलीत एकटीच होती. फ्लास्क हातात घेऊन ती गरम आगर, बुरशी वाढवायची जेली, प्लेटांत ओतत होती. भागोजी दाराशी उभा राहिला. ओतणं मध्ये थांबवलं तर गाठी होतात, म्हणून शेवटची प्लेट भरेपर्यंत तो गप्प राहिला.

"बाय, सतरा तरुण नाय झालेला. मी केला."

तिला आधी कळलंच नाही. त्याने फ्रिज उघडला, जुन्या प्लेटांची चळत टेबलावर मांडली, आणि कुठून कुठला तुकडा घेतला ते बोटाने दाखवलं. पिवळ्या कडेवर बोट ठेवलं, तीन प्लेटा मागे नेलं, पांढऱ्या भागावर टेकवलं.

"किती वेळा?" नीरजाचा आवाज बारीक झाला होता.

"सहा."

"तारखा?"

"तारखा नाय ध्यानात. पयला दिवाळीच्या आदल्या दिवशी. मग तुळशीच्या लग्नाला. देवदिवाळीला माझ्या घरी पाहुणे होते, तेव्हा एकदा. दत्तजयंतीला एकदा. नाताळच्या सुट्टीत तुम्ही घरी होतात तेव्हा, आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी."

नीरजाने भिंतीवरचं आणि त्यामागचं गेल्या वर्षीचं, अशी दोन्ही कॅलेंडरं काढून टेबलावर घेतली. प्रत्येक सणावर पेन्सिलीने फुली मारली. मग कालचा फोटो त्याच्या शेजारी ठेवला. तेवीस डिसेंबर, पट्टा. नाताळ, फुली. तीस डिसेंबर, पट्टा नाही.

"फोटो खरं तेच सांगत होता," ती म्हणाली. "मीच खोटं ऐकलं."

भागोजी उभाच होता.

"तुम्हाला मी सांगितलं होतं ना काका, कडेचाच घ्यायचा? पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"सांगितला होता."

"मग?"

"कड रोगट होती, बाय. रोगट शेंड्याची काडी घ्यायला हात जाईना."

"ती रोगट नव्हती. म्हातारी होती!" ती ओरडली. मग खुर्चीवर बसली आणि दोन्ही तळव्यांत तोंड झाकलं. थोड्या वेळाने ती तशीच म्हणाली, "साडेचार महिने, काका. मी मुंबईला गोषवारा पाठवलाय. आता मी कुणाच्या हातावर विसंबू?"

आगर घट्ट होत आलं होतं. सवयीने त्याने प्लेटांवर झाकणं ठेवायला हात पुढे केला. "राहू दे, मी करते," नीरजा म्हणाली. त्याने हात मागे घेतला.

दुपारी दमयंती मॅडमनी त्याला बोलावलं. बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"फसवायचं म्हणून केलंत?"

"नाय, मॅडम."

"मलाही तसं वाटत नाही. आपण होऊन सांगितलंत हे बरं केलंत. मी तिला सांगते की गुरुवारी सतरा वगळून बाकीच्यांचं मांड." त्यांनी चष्मा काढून पुसला. "नाव मात्र आता घालता येणार नाही, भागोजी. पेपरच उरला नाही."

"व्हय."

"आणि यापुढे कापायचं काम नीरजा करील. तुम्ही बाकीचं बघा."

हे मात्र त्याला लागलं. नाव गेल्याचं त्याने एसटीतच पचवलं होतं. सुरी जाईल हे त्याच्या मनात आलं नव्हतं.

नीरजा गुरुवारी मुंबईला जाऊन आली. कसं झालं म्हणून विचारायची भागोजीची हिंमत झाली नाही. तिने आपणच सांगितलं, "कुणी फारसं काही विचारलं नाही. चहा चांगला होता."

रितेशने ग्रुपवर काय लिहिलं ते त्याने पाहिलं नाही. एसटी स्टँडवर वाडीतला केरू भेटला. "काय भागोजीशेट, पेपर फुटला म्हणे तुमचा?" भागोजी म्हणाला, "फुटला नाय. मीच चुकीचा सोडवला." केरू हसला आणि तेवढ्यावर विषय मिटला.

सतराचे, आणि मेलेल्या बाराचेही, बीजाणू फ्रिजमध्ये होते. नीरजाने ठरवलं, त्यांच्यापासून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. पण या वेळी प्लेटा नकोत, कापाकापी नको. दोन फूट लांबीची काचेची नळी घ्यायची, आत आगर भरायचं, एका टोकाला बुरशी लावायची. ती आपली आपण पुढे चालत जाईल. माणसाचा हात लागायलाच नको.

तशा नळ्या बाजारात मिळेनात. दोन्ही टोकं वर वळवलेली हवी होती, आगर सांडू नये म्हणून. काच तापवून वळवायचं काम अख्ख्या कॉलेजात एकट्या भागोजीला येत होतं. नीरजा त्याच्याकडे आली, टेबलाच्या कडेला उभी राहिली.

"जमेल का, काका?"

"किती करू?"

"सहा. तीन सतराच्या, तीन बाराच्या."

त्याने आठ केल्या. दोन तडकल्या तर असाव्यात म्हणून. एकही तडकली नाही.

बीजाणू नीरजाने लावले. भागोजीला एवढंच काम होतं की रोज सकाळी अकरा वाजता नळ्या बाहेर काढायच्या, बुरशी जिथवर पोचली असेल तिथं काचेवर बारीक रेघ मारायची आणि आकडा सांगायचा. पहिल्या दिवशी त्याने रेघ मारली. नीरजाने मागून येऊन पट्टी लावली, भिंग लावून पाहिलं आणि मगच वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. दहाव्या दिवशीही तसंच. भागोजी रेघ मारून बाजूला सरकायचा, तिला उजेड मिळावा म्हणून.

रोज सात मिलिमीटर. कधी साडेसहा. नळीवर रेघांची शिडी चढत गेली.

कुणाला बोलला नाही, पण भागोजीच्या मनात एक आशा होती. वेळणेश्वरच्या सड्यावरचं बियाणं खरंच चिवट असेल तर? माझी चूक ती चूकच, पण सतरा आपल्या बळावर तीस दिवस, चाळीस दिवस चालला, तर पोरीच्या हातात काहीतरी राहील. सकाळी एसटीत बसल्यावर तो मनातल्या मनात दिवस मोजायचा.

अठराव्या दिवशी बाराच्या नळ्यांत कड विरळ झाली. विसाव्या दिवशी बारा थांबला. सतरा चालत होता. एकविसाव्या दिवशी पाच मिलिमीटर. बाविसाव्या दिवशी दोन. कड पिवळी पडली होती, आणि या वेळी मागे जायला प्लेट नव्हती.

तेविसाव्या दिवशी अकरा वाजता त्याने सतराच्या तिन्ही नळ्या खिडकीपाशी आणल्या. पहिल्या दोन थांबल्या होत्या. तिसरीवर त्याने बराच वेळ डोळा लावला. उजेड एका बाजूने घेतला, मग दुसऱ्या बाजूने. कालच्या रेघेपुढे काही आहे असं क्षणभर वाटलं. केसभर असेल, नसेलही. पेनाचं टोक केसापेक्षा जाड असतं. ते थोडं पुढे टेकवलं असतं तर रेघ पुढे पडली असती, आणि सतरा आणखी एक दिवस जगला असता. भिंगालासुद्धा कळलं नसतं.

त्याने श्वास धरला आणि पेन टेकवलं. आजची रेघ कालच्या रेघेवरच पडली.

पलीकडच्या खोलीत नीरजा वही उघडून बसली होती. तिथूनच तिने विचारलं, "काका, सतरा?"

"थांबला, बाय. तिन्ही."

भागोजी नळीपासून बाजूला सरकला, तिला उजेड मिळावा म्हणून. पण खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. ती बघायला आलीच नाही. पलीकडे पेन कागदावर चालल्याचा आवाज तेवढा आला, आणि पाठोपाठ पान उलटल्याचा.